पहिले अठ्ठेचाळीस तास : नागपुरात मुलांच्या तातडीच्या मानसिक उपचारांत काम करताना

मुलांच्या तातडीच्या मानसोपचारात नव्याने आलेला माणूस पहिल्या रात्री निदानाच्या मागे लागतो. नैराश्य आहे की आणखी काही, हे ठरवण्यात तास जातो, आणि मुलीला घरी कोण नेणार हे कुणी विचारलेलंच नसतं. हा लेख त्या पहिल्या रात्रींसाठी आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं, की या कामातून पुढचे अठ्ठेचाळीस तास नावानिशी ठरून बाहेर पडले पाहिजेत. मूल कुणाजवळ झोपेल, कोण जागं राहील, औषधांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असेल, परवा सकाळी कुणाला भेटायचं, एवढं ठरलं पाहिजे. निदान पुढच्या आठवड्यातही करता येतं.

वाचणारे कोण असतील ते मला ठाऊक आहे. मानसोपचाराचे रेसिडेंट, क्लिनिकल सायकॉलॉजी शिकणारी मुलंमुली, मनोविकार सामाजिक कार्यकर्ते, कॅज्युअल्टीतल्या सिस्टर, आणि एखाद्या वसतिगृहात किंवा कोचिंगमध्ये समुपदेशक म्हणून लागलेली मंडळी. बालमनोविकारात डीएम ही अतिविशेष पदवी घेता येते, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, सिस्टरांसाठी मनोविकार शुश्रूषेचे वेगळे अभ्यासक्रम आहेत. जमेल ते शिका. पण रात्री दोन वाजता मुलाजवळ बहुतेक वेळा इंटर्न आणि सिस्टर एवढेच असतात, म्हणून पुढचं सगळं त्यांना करता येईल अशा भाषेत लिहिलं आहे.

आधी शहर समजून घ्या

नागपुरात "मेडिकल" म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, "मेयो" म्हणजे स्टेशनजवळचं इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, मिहानमध्ये एम्स, आणि छिंदवाडा रोडवर प्रादेशिक मनोरुग्णालय. हे मनोरुग्णालय १८६४ सालचं. ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर अशा राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी ते एक. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, वर्धा, यवतमाळ तर झालेच, पण शिवनी, बालाघाट, छिंदवाड्याहूनही माणसं याच शहरात येतात.

याचे दोन अर्थ निघतात. पहिला असा, की ज्या मुलाने काही गिळलं आहे, स्वतःला इजा केली आहे किंवा जे बेशुद्ध आहे, त्याला आधी सर्वसाधारण रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीतच न्यायचं. मनोरुग्णालयाच्या दारात आधी नेऊन तिथून परत पाठवण्यात मोलाचा वेळ जातो. दुसरा अर्थ जास्त नाजूक आहे. गडचिरोलीहून रात्रभर प्रवास करून आलेल्या बापाला तुम्ही "मनोरुग्णालयात दाखवा" एवढंच म्हणालात, तर तो अनेकदा घरचाच रस्ता धरतो. आपल्या पोराला वेडा ठरवलं, असं त्याला वाटतं. पाठवायचंच असेल तर आधी फोन करा, कुणाला भेटायचं त्या डॉक्टरांचं नाव चिठ्ठीवर लिहा, तिथे काय होईल ते सांगा, आणि मूल अठरा वर्षांखालचं असेल तर घरचं माणूस पूर्ण वेळ त्याच्यासोबत राहणार आहे हे आवर्जून सांगा. या शेवटच्या वाक्याने अर्धी भीती जाते.

खिशात चार नंबर ठेवा. टेली-मानस १४४१६ ही मोफत मानसिक आरोग्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८, रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि कुठल्याही आणीबाणीला ११२.

पहिली पायरी : शरीर

"मानसिक केस आहे" असं कुणी म्हटलं की पुढचे सगळे तपासणं सोडून देतात. मुलांच्या बाबतीत ही सवय जिवावर बेतते. वागणं एकाएकी बदललेल्या प्रत्येक मुलाचा ताप, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, रक्तातली साखर आणि शुद्ध तपासल्याशिवाय मानसोपचाराची चिठ्ठी लिहायची नाही.

आपल्या भागात हे जास्तच खरं आहे. चांदीपुरा विषाणू १९६५ साली सापडला तो नागपुरातच, आणि मेंदूला सूज आणणारा हा आजार मुख्यतः लहान मुलांना होतो. पावसाळ्यानंतर स्क्रब टायफस हा बारीक किडा चावून होणारा ताप असतो, गडचिरोलीकडून आलेल्या मुलात मेंदूचा मलेरिया असू शकतो, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की उष्माघाताने बरळणारं मूलही येतं. विदर्भात सिकलसेल भरपूर आहे. त्या आजारात मेंदूचा रक्तपुरवठा अडून मूल अचानक वेगळं वागू लागू शकतं. ताप आणि भ्रम एकत्र दिसले, शुद्ध कधी आहे कधी नाही असं चाललं असेल, मान ताठ असेल, नसलेली माणसं किंवा प्राणी डोळ्यांना दिसत असतील, तर बालरोगतज्ज्ञांना आधी बोलवा. बारा वर्षांखालच्या मुलात नव्याने सुरू झालेला भ्रम शरीराचा आजार म्हणूनच आधी शोधायचा.

काही गिळलेलं असेल तर मूल "बरं दिसतंय" यावर विसंबू नका. काही विषांमध्ये आणि साध्या वाटणाऱ्या काही गोळ्यांमध्येही पहिला दिवस बरा जातो आणि यकृतावरचा परिणाम नंतर दिसतो. पाकीट, बाटली, पत्ता, जे काही असेल ते घरून मागवा. काही तासांत घरी जाऊ द्यायचं की नाही, हे विष कुठलं ते कळल्याशिवाय ठरत नाही.

स्टेशन परिसरातली, नशेसाठी सोल्यूशन (पंक्चर जोडायचा चिकट द्रव) हुंगणारी मुलं ही वेगळी गोष्ट आहे. नशेत असलेल्या अशा मुलाच्या मागे धावू नका, त्याला दचकवू नका. हुंगल्यानंतर एकदम धावपळ किंवा भीती झाली तर हृदयाचे ठोके बिघडून मृत्यू येऊ शकतो. शांतपणे बसवा, मोकळी हवा द्या, नाडी बघा.

दातखीळ बसलेल्या मुली तर रोजच येतात. मिरगी नाही हे डॉक्टरांनी नीट पाहिलं असेल, तर पुढचं काम गर्दी हटवणं आणि धीराने वाट बघणं एवढंच. छातीवर जोरात चोळणं, उग्र वास हुंगवणं, "नाटक बंद कर" म्हणून ओरडणं हे सगळं मी आजही पाहते आणि मला त्याचा मनापासून राग येतो. ती मुलगी मुद्दाम काही करत नसते. तोंडाने सांगता न येणारं काहीतरी तिच्या शरीरातून बाहेर पडत असतं, आणि ते काय आहे हे कळण्याची संधी आपण त्या ओरडण्यात घालवतो.

दुसरी पायरी : बसायला जागा

कॅज्युअल्टीत स्वतंत्र खोली मिळत नाही, हे गृहीत धरा. पडदा लावलेला कोपरा चालतो, ओपीडी संपल्यावरची रिकामी खोली चालते. इंजेक्शनची खोली चालत नाही. कात्री, ब्लेड, औषधांचा ट्रे, सॅनिटायझरची बाटली बाजूला करा, ओढणी किंवा पट्ट्याकडे लक्ष असू द्या. खिडकीजवळची खाट नको. संडासला जातानाही कुणीतरी दाराशी उभं राहील, आणि हे मुलाला आधीच सांगायचं, म्हणजे पहारा बसवला असं त्याला वाटणार नाही.

सोबत सात-आठ नातेवाईक आलेले असतात. त्यांना हाकलू नका, काम द्या. एकाला घरून औषधांची पाकिटं आणायला सांगा, एकाला केस पेपरच्या रांगेत, एकाला धाकट्या भावंडांकडे. जवळ एकच माणूस ठेवा, आणि तो कोण हे मुलाला विचारून ठरवा. अनेकदा ते बोट मावशीकडे किंवा आजीकडे जातं. तिथेच तुम्हाला घराबद्दल बरंच कळतं.

तिसरी पायरी : मुलाशी एकट्याने बोलणं

आधी गुपिताची हद्द सांगा. माझी वाक्यं साधारण अशी असतात : "मी आधी तुझ्याशी एकटीशी बोलणार, मग आईशी. तू सांगशील ते सगळं काही मी त्यांना सांगत नाही. पण तुझ्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी तुला त्रास देत असेल, तर ते मला माझ्यापाशी ठेवता येणार नाही. तेव्हाही काय आणि कसं सांगायचं, ते आपण दोघी मिळून ठरवू." हे न सांगता बोलतं केलेलं मूल पुन्हा कधी कुणाला काही सांगत नाही.

"काहून केलं असं?" हा प्रश्न नको. तिथे आल्यापासून दहा जणांनी तो विचारून झालेला असतो आणि त्यात उत्तर कमी, दटावणी जास्त असते. त्याऐवजी वेळ विचारा. "काल शाळेतून आलीस, मग काय झालं? जेवलीस का? मग?" असं विचारत गेलं की मूल स्वतःच त्या क्षणापर्यंत येतं. तिथे पोचल्यावर थांबा. त्या वेळी घरात कोण होतं, कुणी येईल असं वाटलं होतं का, काय होईल असं वाटलं होतं, आणि आत्ता आपण वाचलो याचं काय वाटतंय. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. "बरं झालं" म्हणणारं मूल आणि भिंतीकडे बघत गप्प राहणारं मूल यांच्यासाठी रात्रीचा बेत वेगळा लागतो.

जीव देण्याबद्दल स्पष्ट विचारा. "तसलं काही मनात येतं का" अशा आडवळणाने विचारलं तर उत्तरही आडवळणाचंच येतं. "आपण नसतो तर बरं झालं असतं असं वाटतं का? जीव द्यावा असं मनात आलं होतं का? आधी कधी प्रयत्न केला होता का? आत्ता, इथे बसली असताना, तसं वाटतंय का?" विचारल्याने ही कल्पना मुलाच्या डोक्यात जात नाही, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. उलट, कुणीतरी न घाबरता विचारलं याने मूल सैल होताना दिसतं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने तयार केलेली "आस्क" ही छोटी प्रश्नावली याच धर्तीची आहे आणि ती कॅज्युअल्टीत मिनिटभरात होते.

तरी एक सावधगिरी. प्रश्नावलीने बोलणं सुरू करता येतं, भविष्य सांगता येत नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की पुढे आत्महत्या होईल की नाही हे ठरवायला गुणांकनाच्या चाचण्या वापरू नयेत. "स्कोअर कमी आला, घरी पाठवा" हे वाक्य तुमच्या तोंडून निघता कामा नये.

लहान मुलाला मरण म्हणजे परत न येणं हे पुरतं कळलेलं असेलच असं नाही. म्हणून धोका कमी होत नाही. त्याच्याशी चित्रातून, घरातल्या माणसांच्या नावांतून बोला. गोंडी बोलणारं मूल असेल तर धाकट्या भावाला किंवा बापाला दुभाषी करू नका, ज्याच्याबद्दल बोलायचं तोच मध्ये बसलेला असू शकतो. वॉर्डातल्या मावशी-मामांत ती भाषा येणारं कुणीतरी बहुधा सापडतं. त्यांना मात्र ऐकलेलं बाहेर न बोलण्याची नीट समज द्या.

हात, मांड्या, दंड यांवर जुन्या जखमा आहेत का हे बाई माणसाच्या उपस्थितीत, परवानगी घेऊन बघा. पाळी कधी आली होती हे किशोरवयीन मुलीला एकटीलाच विचारा.

चौथी पायरी : आईबाप

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माझ्या मते या कामाची खरी कसोटी मुलाशी बोलण्यात कमी आणि त्याच्या बापाशी बोलण्यात जास्त लागते.

बाहेर तो येरझारा घालत असतो. "काही नाही मॅडम, मोबाईल काढून घेतला म्हणून नाटकं करून राहिली." आई रडत असते, आजी "बाहेरचं लागलं" म्हणत असते, काका "दोन लगावल्या की सरळ होईल" म्हणत असतो. या चौघांना एकत्र बसवून मानसशास्त्र सांगायला जाऊ नका. आधी आईला आणि बापाला वेगवेगळं ऐका. दोघांना भीती वाटते आहे, आणि आपल्याकडे बापाची भीती बहुतेक वेळा रागाच्या रूपात बाहेर पडते.

मोबाईलबद्दल मी असं सांगते : "भाऊ, मोबाईल घेतला ती शेवटची गोष्ट होती. त्याआधी काय काय साचलं होतं ते आपल्याला अजून माहीत नाही. ते कळायला वेळ लागेल. आज तेवढं ती जिवंत राहील याची सोय करू." यात त्याच्यावर दोष नाही आणि मुलीला खोटं पाडलेलंही नाही. बरेच बाप इथे पहिल्यांदा खाली बसतात.

"बाहेरचं लागलं" याच्याशी भांडू नका. मांत्रिकाकडे नेऊ नका, मारहाण, उपाशी ठेवणं, चटके हे चालणार नाही, हे मात्र ठाम सांगा. राज्यात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे आणि असे प्रकार त्याखाली गुन्हा ठरू शकतात. देवाला नवस करायचा असेल तर करू दे, औषध आणि तारीख चुकू देऊ नका. एवढ्यावर बहुतेक आज्या तयार होतात, आणि तयार झालेली आजी रात्री जागायला सगळ्यात भरवशाचं माणूस असते.

आईबापांकडून आज रात्रीसाठी तीन गोष्टी कबूल करून घ्या. मुलाला मारायचं नाही आणि टोमणे मारायचे नाहीत. झालेल्या गोष्टीची चर्चा नातेवाइकांत करायची नाही. आणि घर सुरक्षित करायचं.

पाचवी पायरी : घर सुरक्षित करणं आणि लेखी बेत

जीव देण्याच्या तीव्र इच्छेची लाट येते आणि ओसरते. त्या वेळात हाताशी काय आहे, यावर पुष्कळ काही ठरतं. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणल्यावर तिथलं आत्महत्यांचं प्रमाण खूप खाली आलं. आपल्याकडे कापूस-सोयाबीनच्या गावांत फवारणीचं औषध घरातच, पलंगाखाली किंवा न्हाणीघरात ठेवलेलं असतं. बापाला विचारा, "औषधाचा डबा आत्ता कुठे आहे?" आणि तिथूनच फोन करायला लावा. शेजाऱ्याच्या किंवा भावकीतल्या कुणाच्या कुलपाखाली तो आजच गेला पाहिजे. "घरी गेल्यावर बघतो" हे उत्तर घेऊ नका. शहरातल्या घरात आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, फिनाइल, ब्लेड, गच्चीची किल्ली, एकेक नाव घेऊन विचारा. मुलाची स्वतःची औषधंही आईच्या हातात, आणि एका वेळी थोड्याच दिवसांची.

मग मुलासोबत एक कागद भरा. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राऊन या दोघांनी मांडलेली ही पद्धत आता जगभर वापरतात. वाईट वेळ येते आहे हे मला कशावरून कळतं; तेव्हा मी एकटा काय करू शकतो; कुणाजवळ किंवा कुठे गेल्याने मन वळतं; मदत कुणाला मागू; डॉक्टर, समुपदेशक आणि टेली-मानसचा नंबर; आणि घरातल्या धोक्याच्या वस्तूंचं काय केलं. शब्द मुलाचेच हवेत. "डोकं भणभणतं आणि सगळे माझ्यावरच हसताहेत असं वाटतं" हे वाक्य "मनःस्थिती खालावते" यापेक्षा शंभर पटीने कामाचं आहे. "मित्रांशी बोलेन" असं लिहू देऊ नका. कोणता मित्र, त्याचा नंबर पाठ आहे का, रात्री अकराला त्याच्या घरचे फोन देतील का? कागदाचा फोटो मुलाच्या आणि आईच्या मोबाईलमध्ये ठेवा. जिवाचं बरंवाईट करणार नाही अशी शपथ किंवा सही मात्र घेऊ नका. त्याने मूल सुरक्षित होत नाही, फक्त पुढच्या वेळी सांगायला कचरतं.

सहावी पायरी : दाखल की घरी

घरी पाठवण्यासाठी माझ्या लेखी काही गोष्टी लागतातच. शरीराचा धोका टळलेला, मूल बोलतं झालेलं, जीव देण्याचा निश्चय आत्ता नाही, घरात रात्रभर जागणारं, नावानिशी ठरलेलं एक माणूस, वस्तू हटवल्याची खात्री, आणि अठ्ठेचाळीस तासांच्या आतली भेटीची वेळ. यातली एक जरी नसेल तर निरीक्षणासाठी ठेवून घ्या. ज्याच्यामुळे मूल घाबरलं आहे तोच घरी न्यायला आला असेल, तर घरी पाठवूच नका.

मनोविकाराच्या वॉर्डात दाखल करायचं तर मानसिक आरोग्य देखभाल अधिनियम २०१७ पाळावा लागतो. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी कलम ८७ आहे. पालक नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून, म्हणजे रुग्णाच्या वतीने निर्णय घेणारं माणूस म्हणून, अर्ज करतात. दोन मानसोपचारतज्ज्ञ, किंवा एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत मुलाला स्वतंत्रपणे तपासतात. मुलाला मोठ्यांपासून वेगळं ठेवावं लागतं, घरचं माणूस पूर्ण काळ सोबत राहतं, मुलीसोबत बापच प्रतिनिधी असेल तर सोबतीला बाई लागते, आणि बहात्तर तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं. जीव धोक्यात असेल आणि हे सगळं लगेच शक्य नसेल, तर कलम ९४ प्रमाणे कोणताही नोंदणीकृत डॉक्टर बहात्तर तासांपर्यंत तातडीचा उपचार देऊ शकतो. प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यायची. विजेच्या झटक्यांचा उपचार त्यात बसत नाही. मुलांना तो पालकांची संमती आणि मंडळाची आधी घेतलेली परवानगी यांशिवाय देताच येत नाही.

अठराव्या वाढदिवसाला हे सगळं बदलतं. "नीट" या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी इथे राहणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाला बापाच्या सहीने दाखल करता येत नाही. त्याचा निर्णय आणि त्याने निवडलेला प्रतिनिधी आधी. वसतिगृहातून फोन आला की वय पहिल्यांदा विचारा, ते याचसाठी.

घरच्यांनी डामा, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सुट्टी, घ्यायचं ठरवलं तर सही घेऊन मोकळं होऊ नका. विषाची केस असेल तर वरिष्ठांना बोलवा. तरीही ते निघालेच, तर लेखी बेत, धोक्याची लक्षणं आणि फोन नंबर हातात देऊनच जाऊ द्या.

खवळलेलं मूल

थोडक्यात. एकाच माणसाने बोलायचं, आवाज खाली, अंतर दोन हात, दार मोकळं. पाणी द्या, खायला विचारा, दोनच पर्याय द्या : "इथे बसायचं की तिथे?" आत्ममग्न (ऑटिझम असलेलं) मूल असेल तर ट्यूबलाइट, आवाज आणि स्पर्श कमी करा आणि ते कशाने शांत होतं हे आईला विचारा. औषध लागलंच तर आधी तोंडाने घ्यायला विचारायचं, आणि ते डॉक्टरांनी ठरवायचं. कोवळ्या वयात काही इंजेक्शनांनी मान किंवा जबडा आखडतो, त्यावर लक्ष ठेवा. २०१७ च्याच कायद्याच्या कलम ९७ प्रमाणे एकट्याला कोंडून ठेवणं बेकायदा आहे. बांधणं हा तत्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल तेव्हाचा, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीचा आणि शक्य तितक्या कमी वेळाचा उपाय आहे. त्याची नोंद होते आणि प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवावं लागतं.

पोलीस, पोक्सो, बाल कल्याण समिती

विष किंवा इजा असली की एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, होते आणि पोलीस जबाबाला येतात. "पोरीवर केस होईल" या भीतीने घरचे "चुकून प्यायली" असं सांगतात आणि उपचार चुकतात. त्यांना सांगा, की २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ ने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावात होती असं गृहीत धरलं आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेच्या कलम ३०९ सारखा, आत्महत्येच्या प्रयत्नाचा गुन्हा उरलेला नाही. जबाब मूल शुद्धीत आणि शांत असताना, विश्वासाच्या माणसासमोर व्हावा, हे तुम्ही पोलिसांना नम्रपणे सांगू शकता. बहुतेक हवालदार दादा ऐकतात.

लैंगिक अत्याचार कळला, किंवा तसा संशय आला, तर पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा २०१२, याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. सतरा वर्षांच्या मुलीचं प्रेमप्रकरण असलं तरी कायद्याच्या नजरेत ती बालकच. उपचार तक्रारीसाठी अडवायचे नाहीत. मुलीची तपासणी महिला डॉक्टरने, तिच्या विश्वासाच्या माणसासमोर. काय घडलं ते चार जणांनी चार वेळा वदवून घेऊ नका. एकदा, तिच्या शब्दांत लिहून घ्या. आणि कळवण्याआधी तिला सांगा की आपण कळवणार आहोत. तिसऱ्या पायरीत दिलेला शब्द इथे पाळायचा असतो.

सोबत कुणीच नसलेलं, स्टेशनवर सापडलेलं मूल असेल तर १०९८ ला कळवा. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत ते बाल कल्याण समितीपुढे जायला हवं. उपचार चालू असतील तर तसं लेखी कळवा, मूल तपासणी अर्धवट सोडून हलवलं जाऊ देऊ नका.

शाळा, कोचिंग, वसतिगृह

बारावीचा आणि नीटचा निकाल लागतो तेव्हा मे-जून असतो, आणि खोलीत एकटी असलेली मुलं याच काळात सगळ्यात धोक्यात असतात. वसतिगृहातून आलेल्या मुलाला त्याच खोलीत परत पाठवू नका. पालक चंद्रपूरहून निघाले असतील तर ते पोचेपर्यंत मूल रुग्णालयात राहील. वॉर्डनला किती सांगायचं हे मुलाला आणि पालकांना विचारून ठरवा. बहुतेकदा "तब्येत बरी नाही, दोन आठवडे घरी राहील, परत येईल" एवढं पुरतं. "परत येईल" हा शब्द मुलासमोरच उच्चारा. आपली जागा गेली, असं त्याला वाटत असतं. कोचिंगमधल्या समुपदेशकांनो, निकालाआधीच प्रत्येक मुलाच्या घरचे दोन फोन नंबर तपासून ठेवा.

कागद आणि स्वतः

केस पेपरवर "आत्महत्येचा विचार नाही" एवढंच लिहिलेलं दिसलं की सकाळच्या टीमला काहीच कळत नाही. काय विचारलं, मूल काय म्हणालं, घरी कोण, वस्तू कुठे गेल्या, भेट कधी, हे लिहा. हँडओव्हर तोंडी आणि लेखी, दोन्ही.

आपण तपासलेल्या एखाद्या मुलाचा पुढे जीव वाचत नाही, असंही होतं. त्या दिवशी टीमने एकत्र बसायचं, इंटर्नला आणि सिस्टरला घेऊन, आणि कुणी काय चुकवलं हे शोधण्याआधी कोण कसं आहे हे विचारायचं. त्या रात्री त्या इंटर्नला एकट्याने ड्युटी देऊ नका. वरिष्ठांनी हे केलंच पाहिजे. आपल्या क्षेत्रातून चांगली माणसं निघून जातात ती इथे.

शेवटची पायरी : फोन

घरी पाठवलेल्या किंवा डिस्चार्ज झालेल्या प्रत्येक मुलाला अठ्ठेचाळीस तासांच्या आत फोन करा. रुग्णालयातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले दिवस आणि आठवडे सगळ्यात नाजूक असतात. आधी आईशी बोला : झोप, जेवण, फवारणीच्या औषधाचा डबा कुठे आहे, कोण जागलं. मग मुलाशी, आईला खोलीबाहेर जायला सांगून : "त्या कागदातलं काही वापरलंस का?" उत्तर "नाही" आलं तर रागवू नका, कुठली ओळ कामाची नाही ते विचारा आणि बदला.

फोन उचलला नाही तर संध्याकाळी पुन्हा, मग दुसऱ्या नंबरवर. म्हणूनच दाखल करताना तीन नंबर घ्यायचे : आई, बाप, आणि दुसऱ्या घरात राहणारं कुणीतरी. तिन्ही बंद असतील तर गावच्या आरोग्य केंद्राला फोन करून आशाताईंकडे "रुग्णालयात फोन करा" एवढाच निरोप द्या, कारण सांगू नका. ठरलेल्या दिवशी मूल आलं नाही तर त्याच दिवशी ओपीडी संपायच्या आत शोध घ्या. पुढची तारीख देताना बसचं किंवा गाडीचं वेळापत्रक विचारून द्या. गोंदियाहून येणाऱ्या बाईला सकाळी नऊची वेळ दिली, तर ती आदल्या रात्री निघेल किंवा येणारच नाही.